नवसाचा बोकड आणि आमचे दादा

माझ्या माहेरी देव्हारा असा वेगळा नव्हता, कारण जिथे जागा मिळेल तिथे देव होते. सायखेड्याच्या पुढे गोदावरीच्या काठाला आमचा मळा. घरातल्या कोनाड्यात देव, फ्रिजच्या दारावर देव, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर देव, विहिरीच्या मोटरपाशी शेंदूर लावलेला एक दगड. माझी आई सगळ्यांशी सारख्याच जिव्हाळ्यानं वागायची आणि सगळ्यांशी व्यवहारही करायची. मोटर जळली की नवस. भावाची दहावी आली की नवस. उसात बिबट्या दिसला म्हणून नवस आणि दिसेनासा झाला म्हणून नारळ. नवस बोलणं हे तिला मोबाईलला रिचार्ज मारण्याइतकं साधं वाटायचं.

अशा घरातून मी ज्या घरात गेले, तिथे देव एकच होता.

स्थळ आलं तेव्हा आम्हाला हे कळलं नव्हतं. मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कायम नोकरीला. नाशिकरोडला छोटंसं रो-हाऊस. आई लहानपणीच गेलेली. घरात फक्त वडील, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. दारू नाही, तंबाखू नाही, मटण नाही. माझे वडील म्हणाले, "माळकरी दिसतात. चांगलंय." आई म्हणाली, "मटण नाय हे एवढं सोडलं तर बाकी लय चांगलं हाय."

बघण्याच्या दिवशी पोहे झाले, चहा झाला आणि आईनं तिचा नेहमीचा प्रश्न टाकला, "कुलदैवत कोणतं तुमचं?"

मुलाचे वडील मांडी सावरून बसले. उंच, सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. आवाज मात्र स्टँडवरच्या गर्दीला 'सरकून घ्या' म्हणून सांगायला कमावलेला. ते म्हणाले, "आम्ही महानुभाव पंथाचे. आम्ही एका परमेश्वराला मानतो, श्रीकृष्णाला. बाकी कुणाला हात जोडत नाही."

"म्हणजे आधी कृष्ण, मग बाकीचे," आईनं समजून घेतलं.

"नाही. बाकीचे नाहीत."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलाला एकच मूत्रपिंड आहे असं आत्ता कळलं. "एकावर कसं भागतं तुमचं?"

"भागतं की," ते हसून म्हणाले. "उलट घोटाळा होत नाही. कुणाला काय बोललो होतो ते लक्षात ठेवावं लागत नाही."

मला तिथेच हसू आलं. ते दाबताना मी मुलाकडे पाहिलं, तर तोही मान खाली घालून हसू दाबत होता. आमचं लग्न खरं तर तेव्हाच ठरलं. पुढची बोलणी हा नुसता उपचार होता.

लग्नानंतर आईला जागरण-गोंधळ घालायचा होता, नव्या जोडप्यानं त्याला बसायचं असतं म्हणून. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, तुमची लेक येईल. तिला मी अडवणार नाही. माझा मुलगा बसणार नाही." आईनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच तोड काढली. जागरणाला मी एकटी बसले आणि माझ्या शेजारच्या पाटावर नवऱ्याचा टॉवेल घडी करून ठेवला. गोंधळी बिचारे त्या टॉवेललाही हळद-कुंकू लावून गेले. टॉवेल घरी आणला तर दादा म्हणाले, "जावईबापूंचा मान झाला वाटतं," आणि भिजत टाकला.

दादांचं असं होतं. ते कुणाला टाकून बोलत नसत, वाद घालत नसत. पण त्यांच्या 'नाही'ला दार नव्हतं. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'दंडवत प्रणाम'. बँकेतून कर्ज विकणाऱ्या मुली गोंधळून स्वतःही दंडवत घालायच्या. गल्लीतल्या गणपतीला ते वर्गणी द्यायचे, मांडवात खुर्च्या लावायचे, भंडाऱ्याची भाजी चिरायला पहाटेपासून बसायचे. आरतीची घंटा वाजली की शांतपणे चप्पल घालून घरी यायचे. जेवायलाही घरीच. पहिली काही वर्षं मंडळाची पोरं चिडली. मग त्यांच्या लक्षात आलं, की इतकी बारीक कोबी दुसरं कुणी चिरत नाही.

एसटीत असतानाही हेच. घाटाची गाडी निघताना बाकीचे ड्रायव्हर चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचे. दादा फक्त डोळे मिटून नामस्मरण करायचे आणि गिअर टाकायचे. काही कंडक्टर त्यांच्या गाडीवर ड्युटीच नको म्हणायचे. मी एकदा विचारलं, "मग दादा, कधी अपघात झाला का?"

"झाला की. सिन्नरच्या स्टँडात म्हशीला धक्का लागला."

"मग?"

"म्हैस उठून गेली. मला मात्र साहेबांनी उभं केलं."

तर असं आमचं सुखानं चाललं होतं. एकच गोष्ट होत नव्हती. लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोघांतही दोष नाही, वाट पाहा. वाट पाहणं हे माझ्या आईच्या स्वभावात नव्हतं. तिनं तिच्या ओळखीच्या सगळ्या देवांकडे शब्द टाकला. मला अंगारे पाठवले, दोरे पाठवले. दादा म्हणाले, "बाई, तुला बांधायचे तर बांध. तू आमच्या पंथाचा उपदेश घेतलेला नाहीस, तुझ्यावर सक्ती नाही. पण या घरातून कुणाला नवस जाणार नाही. आपला धनी एक आहे. त्याला आपलं दुःख दिसतंय. दिलं तर त्याचं, नाही दिलं तरी आपण त्याचेच."

मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला होता. कळ माझ्या पोटात होती आणि 'नाही दिलं तरी' हे ते किती सहज म्हणाले, असं वाटलं. नंतर कितीतरी दिवसांनी नवऱ्यानं मला सांगितलं, की दादा त्या काळात रोज पहाटेचं नामस्मरण दुप्पट वेळ करायचे आणि ते फक्त माझ्यासाठी होतं.

मुलगी झाली. गोरी, भरपूर जावळाची, जन्मतःच कपाळाला आठी असलेली. दादांनी तिला हातात घेतलं आणि त्यांच्या त्या भारदस्त आवाजात तिला पहिलं वाक्य ऐकवलं, "दंडवत प्रणाम." ती जोरात रडली.

बारशाच्या दिवशी पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि बायका पांगल्यावर आई दादांच्या समोर येऊन बसली. पदर नीट केला. मला तो पदर ओळखीचा होता. काहीतरी मोठं येणार होतं.

"इवाई, एक सांगायचं व्हतं." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. "मी म्हसोबाला बोलले व्हते."

"काय बोललात?"

"लेकीची कूस उजवली तर बोकड देईन."

दादांनी मान डोलावली. "बोललात तुम्ही. फेडा तुम्ही. मी कसा अडवू?"

"तसं नाय ना," आई कासावीस झाली. "मी बोलले, की जावई सोता बोकड घेऊन येईल. लेक, जावई, नात, सगळे निवद खातील."

माझ्या नवऱ्याला घुगऱ्यांचा ठसका लागला. दादांनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाले, "विहीणबाई, या पोरीचं तोंड बघून मी कुणाचाही जीव देऊ शकत नाही. ज्यानं ही दिली त्यानं मोल मागितलेलं नाही."

"म्हसोबानं दिली!"

"तुमचं मत तुमच्यापाशी."

"आन् काय वंगाळ झालं म्हंजे?"

"त्याचं नाव घेऊन सोसू."

आई उठली, नातीची अलाबला घेतली आणि न जेवता सायखेड्याच्या गाडीत बसली.

पुढे काही महिने फोनवर फक्त तापमानाची, कांद्याची आणि दाताची चौकशी चालली. आम्हाला वाटलं, विषय मिटला. मग एका रविवारी सकाळी दारात पिकअप उभी राहिली. भाऊ उतरला, मागचं फळकं पाडलं आणि एक तांबडा, पांढऱ्या कानांचा तरणा बोकड खाली उतरवला. मागून आई. तिनं बोकड आमच्या फाटकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाली, "देवाच्या नावानं सोडलेला हाय. मी पाळला, वाढवला. आता तुमच्या दारात बांधते. जावईबापूंच्या मनात येईल तवा घेऊन या. इवाई, तुमच्या दारात त्यो रोज तुम्हाला आठवण देईल."

दादांनी बोकडाकडे पाहिलं. बोकडानं दादांकडे पाहिलं आणि त्यांच्या पायजम्याची नाडी तोंडात धरली.

"राहू दे," दादा नाडी सोडवत म्हणाले. "पाहुणा आहे."

तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं, पाहुणा. रो-हाऊसला पुढे जेमतेम स्कूटर लावण्याइतकी जागा. स्कूटर रस्त्यावर गेली. पाहुण्यानं पहिल्या आठवड्यात शेजारच्यांचं जास्वंद संपवलं, दुसऱ्या आठवड्यात निवडणुकीची पत्रकं, सगळ्या पक्षांची सारख्याच आवडीनं. आमच्या समोर देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. ते दर रविवारी सकाळी फाटकाशी येऊन बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत आणि दादांना विचारत, "काय, वजन चांगलं भरलं असेल ना आता?"

"भरू दे," दादा म्हणत. "तब्येत चांगली असावी."

"नाही, मी म्हटलं, आयताच आहे."

"सुभेदारसाहेब, तुमचीही तब्येत चांगली आहे. मी कधी वजन विचारलं?"

मोठा झालेला बोकड काय वासाचा असतो, हे ज्यानं पाळलाय त्यालाच माहीत. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत वळणारा माणूस पत्ता न विचारता आमचं घर ओळखायचा. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "दादा, एकतर त्याला द्या नाहीतर आम्हाला दुसरं घर बघून द्या." शेवटी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन खच्ची करून घ्यायचं ठरलं. दादा आदल्या संध्याकाळी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. त्याला हळू आवाजात समजावत होते, "जीव राहतोय ना तुझा? मग एवढं सोस." मी आतून ऐकत होते आणि हसून हसून मला कणीक मळता येईना.

पण हा सगळा खेळ एका दुपारी थांबला.

मुलीला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या कपाळावर पट्टी ठेवत होते आणि तिचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले. मी किंचाळले. नवरा कारखान्यात होता. दादांनी तिला माझ्या हातातून घेतलं, कुशीवर केलं आणि तसेच अनवाणी रस्त्यावर धावले. सुभेदारांनी त्यांची गाडी काढली. मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना जवळ होता, पण तो रस्ता मला अजूनही आयुष्यातला सगळ्यात लांब रस्ता वाटतो.

झटका थांबला. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. म्हणाले, तापामुळे येतो कधीकधी लहान मुलांना, पण ताप का उतरत नाही ते बघावं लागेल. नवरा आला. आणि मागोमाग, भावाच्या गाडीवरून, केस विस्कटलेली माझी आई आली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दवाखान्याच्या बाकावर दादांच्या शेजारी बसली आणि रडत म्हणाली, "इवाई, मी पाया पडते तुमच्या. तुम्ही येऊ नका. तुम्ही बघू पण नका. फक्त जावईबापूंना जाऊ द्या."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "दादा, एकदा जाऊ द्या ना. मी नेतो. पाप लागलं तर मला लागेल."

आणि मी त्याला थांबवलं नाही. मला त्या क्षणी सगळे देव हवे होते. आईचे सगळे, दादांचा एक, सुभेदारांचे, डॉक्टरांच्या टेबलावरचे, जे कुणी असतील ते.

दादा उठले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मोठा आहेस. पोर तुझी आहे. मी तुझ्या पायात दोरी बांधणार नाही. फाटकाची किल्ली खिळ्याला आहे. जायचं तर जा." मग थांबून म्हणाले, "पण मला विचारशील, तर नाही. आजही नाही."

"तुम्हाला भीती वाटत नाही का?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी त्यांचा उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता. घाटात भरलेली गाडी चालवणारा तो हात, पाण्याचा ग्लास धरता येणार नाही असा थरथरत होता. "वाटते की, बाई. लय वाटते," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'लय' मी पहिल्यांदा ऐकलं. "पण भ्यायलो म्हणून धनी बदलायचा नसतो."

ते खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर जाऊन बसले आणि डोळे मिटून स्मरण करू लागले. नवरा दारापर्यंत गेला. तिथे चौकटीला धरून उभा राहिला. मग परत आला आणि वडिलांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. आई बाहेरच्या बाकावर तिच्या देवांची नावं घेत होती. मी पोरीचा हात धरून होते आणि दोन्हीकडचं ऐकत होते.

संध्याकाळी रिपोर्ट आला. लघवीत जंतुसंसर्ग होता. औषध बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला आणि तिनं बिस्किट मागितलं. मग दुसरं मागितलं. मग सलाईन लावलेल्या हातानं आजीचा चष्मा ओढला.

"म्हसोबानं सांभाळलं," आई डोळे पुसत म्हणाली. "थांबला बिचारा."

दादा काही म्हणणार होते, पण डॉक्टर आत येत होते. दादा त्यांच्याकडेच वळून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दंडवत प्रणाम." डॉक्टर म्हणाले, "असू द्या, असू द्या, पाणी भरपूर पाजा."

मला वाटलं होतं, आता आई विसरेल. पण तिची भीती वाढलीच. देवानं एकदा नुसतं दरडावलंय, आता पुढच्या खेपेला तो कुणावर कोपेल, या विचारानं ती खंगायला लागली. तिची वहिनी तिला बोलायची, गावातल्या बायका बोलायच्या, नवस बोलून बुडवणारी म्हणून. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आई जेवत नाय नीट." हे मी दादांना सांगितलं. ते पाहुण्याला पाला घालत होते. उरलेला पाला त्यांनी त्याच्यापुढे टाकला. मग विचारलं, "जत्रा कधी आहे त्यांच्याकडे?"

जत्रेच्या दिवशी आम्ही सगळे सायखेड्याला गेलो. पाहुणा सोडून. त्याला सुभेदारांच्या भरवशावर ठेवताना दादांनी त्यांच्याकडून दोनदा शब्द घेतला.

आमचा म्हसोबा गावाबाहेर लिंबाच्या झाडाखाली आहे. कर्णा लागला होता, रेवडीच्या गाड्या होत्या, चुली पेटल्या होत्या. दादा पांढऱ्या कपड्यांत सरळ पारापर्यंत गेले. चप्पल काढली. हात जोडले नाहीत. गावातल्या एका म्हाताऱ्यानं शेंदराचं ताट पुढे केलं.

"टिळा लावा, पाव्हणं."

"नको."

"नारळ तरी फोडा."

"नको."

"मग आलात कशाला?"

सगळे वळून बघायला लागले. आई पुढे झाली, मागे झाली, तिनं पदर तोंडात धरला. दादांनी त्यांचा स्टँडवरचा आवाज काढला. कर्ण्याची गरज नव्हती.

"या माझ्या विहीणबाई. यांनी नवस बोलला तो खरा मनानं बोलला, फेडायलाही तयार होत्या. मी अडवला. बोकड माझ्या दारात आहे आणि तो मी देणार नाही, माझ्या धर्मात ते बसत नाही. तुमच्या देवाचा अपमान करायला मी आलेलो नाही. एवढंच सांगायला आलो, की यात या बाईंचा काही दोष नाही. कुणाचा राग असेल, देवाचा असो नाहीतर गावाचा, तो माझ्यावर काढावा. यांना कुणी बोलू नये."

कुणीतरी मागून म्हणालं, "आन् झालं काय म्हंजे?"

"झालं तर मला होईल. माझा धनी बघून घेईल."

चार तरुण पोरं पुढे आली, त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. एकानं दादांच्या छातीला बोट लावलं. नवरा मध्ये शिरला. पण ताटवाला म्हातारा म्हणाला, "राहू द्या रे. बाईमाणसासाठी एवढं कोण अंगावर घेतं?" पोरं बडबडत मागे झाली. त्यातली काही आजही आमच्याशी बोलत नाहीत, भावाला पारावर टोमणे मारतात. दादांच्या बोलण्यानं सगळं गाव विरघळलं वगैरे काही झालं नाही. फक्त आईला त्यानंतर कुणी बोललं नाही.

जेवायच्या वेळी म्हातारा पुन्हा आला. "मटण नाय तर भात-आमटी तरी घ्या."

"निवदाची आहे का?"

"हाय की."

"मग नको. भाकरी आणलीय." आणि दादांनी लिंबाखाली फडकं सोडून ठेचा-भाकरी खाल्ली, आजूबाजूला सगळी पंगत रश्श्यात बुडालेली. मी, खरं सांगायचं तर, पंगतीत होते.

आता गंमत अशी झाली, की आईची भीती उडाली ती थेट दादांवर जाऊन बसली. सगळं यांनी स्वतःच्या अंगावर घेतलंय म्हणजे आता यांचंच काही खरं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. रोज सकाळी फोन. "इवाई बरे हायत ना?"

"बरे आहेत."

"खोकला नाय ना?"

दादांना साधी शिंक आली तरी मला ती लपवावी लागायची. एकदा ते बाथरूममध्ये घसरले आणि पाय मुरगळला. ही बातमी पाहुण्यानं कळवली की काय कोण जाणे, दुपारपर्यंत आई हळदीचा लेप घेऊन दारात. "बघा! सांगत व्हते ना मी!"

"विहीणबाई, फरशी ओली होती."

"ओली कुणी केली?"

"मीच. अंघोळ केली."

पुढची जत्रा आली आणि गेली. दादा ठणठणीत. त्या दिवशी आईनं फोनवर सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे निकाल दिला, "म्हसोबानं सोडून दिलं त्यांना. माणूस सरळ हाय म्हणून." मी तो निकाल दादांना कळवला नाही. त्यांनी त्यावर हरकत घेतली असती.

पाहुणा आमच्याकडे म्हातारा झाला. शेवटी त्याला दात राहिले नव्हते, दादा त्याला भाकरी पाण्यात कुस्करून द्यायचे. एका थंडीच्या सकाळी तो उठलाच नाही. सुभेदार टोपी काढून उभे राहिले. मधल्या वर्षांत माझे वडील गेले होते; आई खास आली. दादांच्या डोळ्यांत पाणी बघून म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या येळंला पण एवढे रडले नव्हते तुम्ही." दादा म्हणाले, "ते माझ्या दारात नव्हते राहत."

मी आजही उपदेश घेतलेला नाही. माहेरी गेले की रस्सा खाते, इथे दादांच्या स्मरणाला त्यांच्या शेजारी बसते. मुलगी मला विचारते, "आई, तू नक्की कुणाची?" मला नीट सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे, की माणूस घाबरलेला असतानाही आपल्या जागेवर बसून राहू शकतो, हे मी दवाखान्याच्या त्या खोलीत पाहिलं. तेव्हापासून मला भीती वाटली, की मी आधी खाली बसते. देव कुठला, ते मग बघते.

गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं. ती आमच्याकडे राहायला आली ती पिशवीत स्टीलचा डबा घेऊन. डब्यात तिचे निवडक देव. रोज सकाळी माझ्या खोलीचं दार लावून डबा उघडायची आणि आम्हाला कुणाला कळत नाही असं समजायची. दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना म्हणावं, अंधारात चाचपडत करू नका, दिवा लावून करा. त्यांच्या खोलीत त्यांचं. मी बघणार नाही. आणि दिसलंच, तर मलाही चष्मा लागतो."

ऑपरेशनच्या सकाळी तिला हिरवा गाऊन घातला, डोळ्यात थेंब टाकले आणि चाकाच्या खुर्चीत बसवलं. ती घाबरली होती. बिबट्या दिसला तरी नवस बोलून मोकळी होणारी बाई, त्या खुर्चीत एवढीशी दिसत होती. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं तशी तिनं मागे चाचपडत दादांचा हात धरला.

"इवाई, तुमच्या त्या एकाला पण सांगून ठेवा."

"'पण' नाही, विहीणबाई," दादा म्हणाले. "त्याला एकट्यालाच सांगितलंय. पहाटेच."

"हट्टी माणूस!" आई म्हणाली आणि खुदकन हसली. दादांचा हात मात्र तिनं सोडला नाही. शेवटी नर्सलाच तो हळूच सोडवावा लागला. "आजी, हसू नका, डोळा हलतो," असं म्हणत ती तिला आत घेऊन गेली.